टोरेंट क्लायंट कोणता घ्यावा? आणि ‘डिस्कवर जागा नाही’ ही काय भानगड आहे?

मंडळी, नमस्कार. विभाग चुकला असेल तर संपादकांनी धागा योग्य जागी हलवावा.

इंदूरला रामबागेत घरी एक जुना डेस्कटॉप आहे, विंडोज १० वाला. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने १० चा सपोर्ट थांबवला आणि ११ काही या मशीनवर चढत नाही, कारण त्यात टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप नाही. पण बाबांचं सगळं त्याच्यावरच चालतं आणि मशीन तसं ठणठणीत आहे, तेव्हा भंगारात काढायची इच्छा नाही. विंडोजऐवजी उबुंटू ही लिनक्स प्रणाली टाकून बघायचा बेत आहे. तिची आयएसओ फाइल (इन्स्टॉल करायचं सगळं एकाच फायलीत) सहा जीबीच्या आसपास आहे. ब्राउझरमधून घ्यायला गेलं की मध्येच लाइट तरी जाते नाहीतर नेट तरी, आणि पुन्हा पहिल्यापासून श्रीगणेशा. टोरेंटमध्ये फाइल ज्यांच्याकडे आहे अशा बऱ्याच लोकांकडून तुकड्यातुकड्यांनी येते, त्याला ती कटकट नाही, आलेले तुकडे जागेवर राहतात, म्हणून तिकडे वळलो. उबुंटूच्या साइटवरच अधिकृत टोरेंट मिळतो.

टोरेंट म्हटलं की लगेच भुवया वर जातात, म्हणून सांगून टाकतो: सिनेमे नकोत. उबुंटू सोडून दुसरं जे हवंय ते बाबांसाठी, आर्काइव्ह डॉट ऑर्गवरची स्कॅन केलेली जुनी मराठी पुस्तकं. डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियातली बरीच तिथे आहेत आणि डाउनलोडच्या यादीत टोरेंटचाही पर्याय असतो.

तर अडचणी अशा:

पहिली, क्लायंट, म्हणजे टोरेंट उतरवणारा प्रोग्रॅम, कोणता ठेवावा? दुकानातल्या मुलाने एक टाकून दिला होता, त्यात फायलींपेक्षा जाहिराती जास्त. तो काढून सध्या क्यूबिटटोरेंट टाकलाय. ट्रान्समिशन आणि डिल्यूज ही नावंही ऐकलीत. फरक काय?

दुसरी सगळ्यात डोकं खाणारी. सी ड्राइव्ह छोटी एसएसडी आहे, भरत आलीय, म्हणून डाउनलोड बाहेरच्या एक टीबीच्या हार्डडिस्कवर लावलं. उबुंटूचा टोरेंट सुरू होतो, एखादा टक्का सरकतो आणि लाल अक्षरात ‘एरर’. लॉगमध्ये म्हणतो डिस्कवर पुरेशी जागा नाही. अहो, अर्ध्याहून जास्त डिस्क मोकळी आहे! पुस्तकं मात्र त्याच डिस्कवर बिनबोभाट उतरतात.

तिसरी, टोरेंट चालू असला की घरातलं बाकीचं नेट मरतं. वहिनीचं घरून काम असतं, तिची मीटिंग गोठली की मला हाक येते. प्लॅन ४० एमबीपीएसचा आहे.

चौथी किरकोळ. खालच्या पट्टीत आगीच्या ज्वाळेसारखं चिन्ह दिसतं, आणि पुस्तकांना सीड (पूर्ण फाइल जवळ असून ती देणारे) शून्य दाखवूनही डाउनलोड चालूच असतं. हे कसं काय?

जाणकारांनी मार्गदर्शन करावं. आगाऊ आभार.

हार्डडिस्कवाला:
बाकीचं नंतर. त्या बाहेरच्या डिस्कवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा. ‘फाइल सिस्टिम’समोर काय लिहिलंय?

धागाकर्ता:
फॅट३२. टीव्हीला चालावी म्हणून तशी फॉरमॅट करून घेतली होती. आमचा टीव्ही जुना आहे, दुसरं काही ओळखत नाही आणि बाबांची भजनं त्याच डिस्कवर आहेत.

हार्डडिस्कवाला:
मग सापडला चोर. फॅट३२ वर एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी होऊच शकत नाही, डिस्क कितीही रिकामी असो. फाइलचा आकार लिहून ठेवायला तिथे ३२ बिटच असतात, त्यापुढे आकडा मावत नाही. विंडोज ते सरळ न सांगता ‘जागा नाही’ म्हणून मोकळं होतं.

तुम्हाला वाटेल, मग ४ जीबीपर्यंत तरी यायला हवं होतं, एका टक्क्यावर का अडकलं? कारण टोरेंटचे तुकडे क्रमाने येत नाहीत. ज्यांच्या प्रती कमी लोकांकडे आहेत ते आधी मागवायचे, अशी त्याची रीत. त्यामुळे फाइलच्या शेपटाकडचा एखादा तुकडा सुरुवातीलाच येतो, त्याची जागा ४ जीबीच्या पलीकडे, की लगेच बोंब. पुस्तकाची पीडीएफ शे-दोनशे एमबीची, तिला काय होतंय!

डिस्क एनटीएफएस करता येते, त्या फाइल सिस्टिमला मोठ्या फायली चालतात. विंडोजची ‘कन्व्हर्ट’ कमांड डेटा न उडवता करते, तरी आधी बॅकअप घ्याच. पण मग टीव्ही रुसेल. त्यापेक्षा सी ड्राइव्हवर सहा-सात जीबी मोकळे करा आणि हा एकच टोरेंट तिकडे लावा. भजनांना हात लावू नका, घरात शांतता हवी असेल तर.

सुरसागरकाठी:
बडोद्याहून रामराम. नेटचं मी सांगतो.

४० एमबीपीएस म्हणजे बिट. आठाने भागा, ५ एमबी प्रति सेकंद. क्लायंटमध्ये साडेचारच्या आसपास दिसत असेल तर कंपनी फसवत नाहीये.

वहिनींची मीटिंग गोठते ती तुमच्या डाउनलोडपेक्षा अपलोडमुळे. टोरेंटमध्ये तुम्ही घेता घेता देतही असता. अपलोडची वाट पूर्ण भरली की ‘मिळालं, पुढचं पाठवा’ अशा छोट्या पोचपावत्यासुद्धा रांगेत अडकतात आणि सगळ्या घराचं नेट तुंबतं. स्पीड टेस्टमध्ये अपलोड किती येतो ते बघा आणि क्लायंटमध्ये मर्यादा त्याच्या ७० ते ८० टक्क्यांवर ठेवा. शून्य टाकू नका, तिथे शून्य म्हणजे अमर्याद.

दुसरं, जोडण्यांची संख्या. क्यूबिटटोरेंटमध्ये एकूण ५०० ची मुभा असते. फुकट मिळालेला राउटर एवढ्यांची नोंद ठेवता ठेवता घामाघूम होतो. १५० करून बघा, उबुंटूला तेवढे पुष्कळ झाले. शिवाय वेळापत्रकाची सोय आहे, ऑफिसच्या वेळात वेग कमी आणि रात्री मोकळा, असं लावून टाका. वहिनींना सांगायचीही गरज नाही.

ज्वाळेचा अर्थ, बाहेरून कोणी तुमच्याशी थेट जोडणी करू शकत नाहीये. राउटरच्या पानावर वॅन आयपी (कंपनीने राउटरला दिलेला पत्ता) बघा. १००.६४ ते १००.१२७ यांच्यात कुठे सुरू होत असेल तर कंपनीने एकच सार्वजनिक पत्ता बऱ्याच ग्राहकांत वाटलाय. अशा वेळी पोर्ट उघडण्याचे व्हिडिओ बघण्यात रविवार घालवू नका, घरच्या राउटरवर काही केलं तरी उपयोग नाही. तुमच्याकडून बाहेर जोडणी होते, तेवढ्यावर डाउनलोड नीट चालतं.

जुनी_खिडकी:
क्लायंटबद्दल माझं मत: आहे तोच ठेवा. तिन्ही मुक्त स्रोत, तिन्ही बिनजाहिरातीचे. ट्रान्समिशन साधा आणि हलका. डिल्यूजला प्लगइनची हौस असलेल्यांनी जावं. क्यूबिटटोरेंटमध्ये वेळापत्रक, लॉग सगळं आयतं आहे. फक्त तो डॉट ऑर्गच्या साइटवरूनच घेतलाय ना हे तपासा, त्याच नावाची डॉट कॉमवाली साइट मूळ मंडळींची नाही.

शून्य सीडचं कोडं सोपं आहे. आर्काइव्हच्या टोरेंटमध्ये त्यांच्या स्वतःच्या सर्व्हरचा पत्ता वेब सीड म्हणून घातलेला असतो. दुसरं कोणी नसलं की फाइल थेट तिथून येते. टोरेंट निवडून खाली ‘एचटीटीपी सोर्सेस’ टॅब उघडा, दिसेल. तुमच्यासारख्यांनी ते सीड करत ठेवलं तर तो शून्य हलेल तरी! मात्र पुस्तक स्वामित्वहक्कातून मुक्त झालेलं आहे ना ते बघून. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो.

आणि जुन्या मशीनवर उबुंटूचा हट्ट कशाला? लिनक्स मिंट या तशाच प्रणालीची एक्सएफसीई आवृत्ती घ्या. हलकी आहे, टोरेंट त्यांच्याही साइटवर मिळतो, आणि फाइल ४ जीबीच्या आत असल्याने तुमच्या त्या भजनांच्या डिस्कवरही उतरेल.

धागाकर्ता:
सगळ्यांचे मनापासून आभार. वॅन आयपी १००.७२ ने सुरू होतोय, म्हणजे ज्वाळेचा नाद सोडला. अपलोडला लगाम घातला, तेव्हापासून वहिनीची हाक नाही. मिंट लावलंय त्याच डिस्कवर, एरर न येता अर्ध्याच्या पुढे गेलंय.

आता एकच: फाइल नीट उतरली की नाही हे टोरेंट स्वतः बघतो, की वेगळं तपासायचं?

हार्डडिस्कवाला:
प्रत्येक तुकड्याचा हॅश (मजकुरावरून काढलेली खूण) तो जुळवूनच घेतो, चुकीचा आला तर टाकून पुन्हा मागवतो. मध्ये लाइट गेली तर टोरेंटवर राइट क्लिक करून ‘फोर्स रीचेक’ द्या, म्हणजे डिस्कवरचं सगळं पुन्हा पडताळतो. मिंटच्या साइटवरची एसएचए२५६ बेरीज (पूर्ण फायलीची तशीच खूण) हीही जुळवून घ्या, ती टोरेंट फाइलच बनावट नाही ना यासाठी. पेनड्राइव्ह बनवताना आयएसओ नुसती कॉपी करू नका, रूफस या प्रोग्रॅमने लिहा. आणि त्या वेळी, उतरलेली आयएसओ आधी सी ड्राइव्हवर घेऊन, बाहेरची डिस्क काढून ठेवा. रूफसच्या यादीत चुकून ती निवडली गेली तर भजनं गेली.

धागाकर्ता:
काढली. बाबांनी ती टीव्हीला लावलीसुद्धा.

जुनी_खिडकी:
अहो, मिंट उतरतंय ना तिच्यावर!