शब्दचर्चा : 'वाचादोष' म्हणायचं की 'भाषेची अडचण'?

बालवाडी शिक्षिका, राजारामपुरी
बोलण्यात अडचण असलेल्या मुलांना वर्गात कशी मदत करायची, यावर बालवाडी शिक्षिका आणि अंगणवाडी सेविकांचं प्रशिक्षण आमच्याकडं ठरतंय. पत्रकाच्या मसुद्यात सगळीकडं 'वाचादोष' लिहिलंय. पालक मात्र 'बोबडं बोलतंय', 'अडखळतंय', नाहीतर 'अजून बोलंना झालंय' असं म्हणत येतात. हे सगळं त्या एका शब्दात बसतं का? आणि 'वाचोपचार' लिहू की 'स्पीच थेरपी'?

वाचोपचारतज्ज्ञ, शाहूपुरी
नाही बसत, ताई. वाचा म्हणजे आवाज, उच्चार आणि बोलण्याचा ओघ. 'गाडी'ला 'दाडी' म्हणणारं, पहिल्याच अक्षरावर अडखळणारं, टाळू दुभंगल्यामुळं नाकातून बोलणारं मूल, यांची अडचण वाचेची. (बोबडं आणि तोतरं हेही वेगवेगळे. बोबड्याचा उच्चार बदलतो, तोतऱ्याचा ओघ अडतो.)

भाषा म्हणजे शब्द समजणं, वेळेला आठवणं, ते जुळवून वाक्य करणं. एखाद्या मुलाचे उच्चार स्वच्छ असतात, पण 'चप्पल काढून ठेव आणि मग पाटी घे' म्हटलं की ते नुसती पाटी घेतं. चार वर्षांचं झालं तरी दोन शब्दांपुढं जात नाही. त्याला कुणी बोबडं म्हणत नाही, त्यामुळं त्याच्याकडं कुणाचं लक्षच जात नाही. 'हट्टी आहे', 'ध्यान नाही' असा शिक्का बसतो आणि वर्षं जातात. मला सर्वांत जास्त काळजी याच मुलांची वाटते आणि तुमच्या मसुद्यातून नेमकी तीच गळली आहेत. ऐकू कमी येणं, स्वमग्नता असं कुठलंच कारण सापडत नाही आणि तरीही भाषेची अडचण टिकून राहते, त्याला 'डेव्हलपमेंटल लँग्वेज डिसऑर्डर' म्हणावं, यावर इंग्रजीभाषक देशांतल्या तज्ज्ञांचं २०१७ मध्ये एकमत झालं. मराठीत 'विकासात्मक भाषाविकार' म्हणता येईल. पण तो निदानाचा शब्द आहे. पत्रकात 'वाचा आणि भाषेच्या अडचणी' एवढंच लिहा.

'दोष' तर काढाच. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात 'वाचा व भाषा दिव्यांगत्व' आहे, पण ते कायमस्वरूपी असेल तरच. उशिरा बोलणाऱ्या प्रत्येक मुलाच्या आईला पहिल्याच दिवशी तसलं काही वाचायला लावू नका.

'स्पीच थेरपी' लिहा, आया तेच म्हणतात. मात्र प्रशिक्षण घेतलेल्यांना 'थेरपिस्ट' म्हणू नका. त्यासाठी तीन वर्षांचं शिक्षण, वर पूर्ण वर्षाची इंटर्नशिप आणि १९९२ च्या कायद्याखाली भारतीय पुनर्वास परिषदेकडं नोंदणी लागते. सेविकेनं अडचण ओळखावी, कान तपासायला पाठवावं आणि वर्गात त्या मुलाला बोलतं ठेवावं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत येतं, त्यांच्या तपासणीत श्रवणदोष आणि भाषाविलंब दोन्ही आहेत. त्या दिवशी ते मूल हजर राहील एवढं बघा.

निवृत्त मराठी शिक्षक, कागल
एक भर घालतो. पत्रकात 'चुकीचे बोलणे' असा शब्दप्रयोग नको. आपल्या कोल्हापूरकडं घराघरांत 'शाळा'ला 'साळा' आणि 'सहा'ला 'सा' म्हणतात. बायका 'मी येतो', 'मी जातो' म्हणतात, तशाच मुलीही. बाहेरून आलेला प्रशिक्षक त्याला व्याकरणाची चूक म्हणून टिपून घेईल. ती आपली बोली आहे.

वाचोपचारतज्ज्ञ, शाहूपुरी
गुरुजी, हे प्रशिक्षणात पहिल्याच तासाला घ्यायला हवं. मूल घरातल्या माणसांसारखं बोलतंय का, हे आधी विचारायचं. तसं बोलत असेल तर त्यात अडचण काही नाही.

बालवाडी शिक्षिका, राजारामपुरी
मसुदा बदलते. वर्गात आम्ही 'नीट म्हण बघू' म्हणतो, ते चालेल?

वाचोपचारतज्ज्ञ, शाहूपुरी
नको. मूल 'भूभू पळ' म्हणालं तर 'हो, भूभू पळाला' एवढं म्हणून पुढं बोलत राहा. त्याच्याकडून वदवून घेऊ नका. अडखळणाऱ्याचा शब्द आपण पुरा करायचा नाही, थांबायचं.

एक आजी, कळंबा
आमच्यात म्हणतात जीभ जड आहे, जिभंखालची तार कापली की बोलतंय. खरं हाय का?

वाचोपचारतज्ज्ञ, शाहूपुरी
नाही, आजी. त्या तारेमुळं एखादा उच्चार अडू शकतो, पण मूल बोलायचंच राहिलंय ते तिच्यामुळं नव्हे. आधी कान तपासून घ्या.