दिवंगत कार्यकर्त्याची खासगी कागदपत्रे: मूळ गठ्ठे सोडून नव्याने लावावेत का?

प्रश्न: ग्रंथसेवक, ठाणे

नमस्कार. आमच्या वाचनालयाकडे एका दिवंगत शिक्षकांची कागदपत्रे त्यांच्या कुटुंबीयांनी नुकतीच सुपूर्द केली आहेत. नवी मुंबईसाठी जमिनी गेलेल्या शेतकऱ्यांच्या चळवळीत ते अनेक वर्षे होते. त्यामुळे ट्रंकांमध्ये भूसंपादनाच्या नोटिसा, सातबाराचे उतारे, सभांची पत्रके, पोस्टकार्डे आणि रोजनिशा असा मोठा ऐवज आहे. कागद गावागावांच्या नावाने फडक्यांत बांधलेले आहेत. एका गठ्ठ्यात नोटीस, तिच्या पाठीवर पेन्सिलीने मांडलेला मोबदल्याचा हिशेब आणि त्याच शेतकऱ्याच्या मुलाच्या शाळाप्रवेशाची चिठ्ठी एकत्र टाचलेली मिळाली.

कार्यकारिणीतील काही सदस्यांच्या मते पत्रे, नोटिसा आणि पत्रके वेगळी काढून तारखेप्रमाणे लावावीत, म्हणजे वाचकांची सोय होईल. हे योग्य ठरेल का? प्रत्येक कागदाची स्वतंत्र नोंद करण्याइतके मनुष्यबळ आमच्याकडे नाही. कौटुंबिक पत्रांचे काय करावे, हाही प्रश्न आहे.

प्रतिसाद: दप्तरदार

गठ्ठे कृपया सोडू नका. कागदपत्रे ज्याने जमवली त्याच्याच नावाखाली आणि त्याने लावलेल्या क्रमानेच ठेवावीत, हे तत्त्व म्युलर, फाइथ आणि फ्रुइन या डच अभिलेखपालांनी १८९८ च्या आपल्या ग्रंथात नियमबद्ध केले आणि जगभरची अभिलेखागारे आजही ते मानतात. आपण सांगितलेली नोटीस आणि चिठ्ठी यांचेच पाहा. वेगळी केली की एक सरकारी छापील कागद होईल आणि दुसरी किरकोळ चिठ्ठी. एकत्र असताना मात्र ज्या माणसाकडे शेतकरी जमिनीचा प्रश्न घेऊन येत असे, त्याच्याकडेच तो मुलाच्या शाळेसाठीही येत असे, हे त्या टाचणीमुळे कळते. हा संबंध एकदा तुटला की तो कोणत्याही सूचीतून परत जुळवता येत नाही. वाचकांची सोय सूचीने करावी, कागद हलवून नव्हे.

नोंदी वरून खाली कराव्यात: आधी संपूर्ण संग्रहाची, मग गटाची, मग गठ्ठ्याची, सुट्या कागदापर्यंत अगदी आवश्यक तेथेच उतरावे. आंतरराष्ट्रीय अभिलेखागार परिषदेच्या वर्णन-मानकात सहा बाबी अत्यावश्यक मानल्या आहेत: सांकेतिक क्रमांक, शीर्षक, निर्माता (म्हणजे कागद ज्याने जमवले तो), कालखंड, व्याप्ती आणि वर्णनाची पातळी. ‘जासई: भूसंपादनाच्या नोटिसा, हिशेब व जानेवारी १९८४ च्या आंदोलनाची पत्रके, १९७२–१९८६, एक गठ्ठा’ एवढी नोंदही अभ्यासकाला पुरेशी वाट दाखवते. ‘दुर्मीळ’, ‘अमूल्य’ अशी विशेषणे सूचीत नकोत. ते अभ्यासकाला ठरवू द्यावे. मनुष्यबळाच्या अडचणीवर ग्रीन आणि माइसनर या अमेरिकी अभिलेखपालांनी २००५ मध्ये हेच सुचवले होते की, थोड्या संग्रहांवर बारीक काम करत बसण्यापेक्षा सर्व संग्रह ढोबळ नोंदींसह लवकर खुले करावेत. आपल्यासारख्या संस्थांना हा सल्ला फार उपयोगी आहे, असे मला मनापासून वाटते.

प्रतिसाद: बेलापूरकर

वरील मताशी सहमत आहे. स्थळनामे कागदावर आहेत तशीच उतरवावीत आणि सूचीत आजचे नाव जोडावे. १९८१ पूर्वीच्या कागदांवर रायगडऐवजी कुलाबा जिल्हा असेल, इंग्रजी कागदांवर ‘न्यू बॉम्बे’ असेल, आणि आजचा वाचक ती नावे शोधणार नाही. तारीख नसलेल्या पोस्टकार्डावर टपालाचा शिक्का पाहावा. अनुमानाने काढलेले वर्ष चौकटी कंसात लिहावे. गंजलेल्या टाचण्या अलगद काढाव्यात, पण एकत्र टाचलेले कागद एकाच कागदी घडीत ठेवावेत. क्रमांक पेन्सिलीनेच घालावेत. ठाण्याच्या पावसाळ्यात प्लॅस्टिकच्या बंद पिशव्यांत बुरशी धरते, त्यामुळे त्या टाळाव्यात.

प्रतिसाद: सनद

कौटुंबिक पत्रांबाबत मालकी आणि कॉपीराइट हे दोन मुद्दे वेगळे ठेवावेत. कुटुंबाने दिले ते कागद. शिक्षकांना आलेल्या पत्रांतील मजकुराचा हक्क ती लिहिणाऱ्यांकडे किंवा त्यांच्या वारसांकडे राहतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात वाचनालयातील अप्रकाशित लेखनाची प्रत अभ्यासासाठी काढण्याची मुभा आहे, परंतु लेखक ज्ञात असल्यास त्याच्या मृत्यूला साठ वर्षे उलटून गेलेली असावी लागतात. म्हणून पत्रे वाचनालयात बसून वाचू द्यावीत, पण सरसकट संकेतस्थळावर टाकू नयेत. आजारपण, कर्ज किंवा सोयरिकीविषयीची पत्रे काढून टाकू नयेत. अशा पत्रांचा गठ्ठा ठरावीक वर्षापर्यंत बंद ठेवावा, आणि तो आहे व कधी खुला होणार हे सूचीत स्पष्ट लिहावे. ही मुदत कुटुंबाशी बोलून आताच दानपत्रात नमूद करून घ्यावी, कारण पुढच्या पिढीत संमती देणारे नेमके कोण, हेच ठरवणे कठीण होते.