बायपासनंतर वजन उतरतंय पण मन पार खचलंय, काय करू? सल्ला हवाय

रातराणी७
नमस्कार मंडळी. गॅस्ट्रिक बायपास, म्हणजे वजन कमी करायचं पोटाचं ऑपरेशन, होऊन तिसरा महिना चालू आहे. वजन मस्त उतरतंय, शुगरच्या गोळ्या बंद झाल्या, डॉक्टर खूश, घरचे खूश, मी सोडून सगळे खूश. सकाळी डोळे उघडले की छातीत धडधड, काहीतरी वाईट होणारे असं उगाच वाटत राहतं, आणि संध्याकाळ झाली की कारण नसताना रडू. परवा सगळे जेवायला बसले, मी पण माझी छोटी वाटी घेऊन बसले, चार चमच्यात पोट भरलं आणि मग बाकीचे खाताना नुसतं बघत बसायचं, शेवटी उठले आणि बाथरूमची कडी लावून रडून घेतलं. भूक नव्हती हो, तेच तर कळत नाहीये. पूर्वी टेन्शन आलं की खायचे, बरं असो वाईट असो तो एक उपाय होता, आता तोही नाही. बोलायची पण सोय नाही, "एवढं सगळं करून घेतलंस, आता काय रडतेस" हे ठरलेलं.
ऑपरेशनच्या आधीपासून एन्झायटीची गोळी आहे, तीच चालू ठेवलीये. केस मूठमूठ गळतायत ते वेगळंच.
हे नॉर्मल आहे का? जायचं कोणाकडे, सर्जन, सायकॅट्रिस्ट की काउन्सेलर? ज्यांनी भोगलंय त्यांनी सांगा. "सकारात्मक राहा" सोडून काहीही चालेल.

अर्धीवाटी
अगं ये, बस. माझा बायपास होऊन काही वर्षं झाली आणि तू लिहिलेलं जेवणाच्या वेळचं वाचून मला माझंच आठवलं. हे खूप जणांना होतं, फक्त आधी-नंतरच्या फोटोंखाली कोणी लिहीत नाही. माझ्या काउन्सेलरने पहिल्यांदा सांगितलं की तुम्ही खाण्याचं सुतक पाळताय, आणि ते पाळायला हरकत नाही. इतकी वर्षं राग आला खा, कंटाळा आला खा, आनंद झाला खा, आणि एका दिवसात ते सगळं काढून घेतल्यावर आतलं जे दाबून ठेवलेलं असतं ते वर येणारच ना.
मला उपयोग झाला तो सीबीटीचा, म्हणजे विचार-भावना-कृती यांची साखळी पकडायला शिकवतात ती थेरपी. पण काउन्सेलर शोधताना एक बघ, बॅरिॲट्रिक (वजन कमी करायच्या ऑपरेशनच्या) पेशंटबरोबर किंवा निदान खाण्याच्या समस्यांवर काम केलेली व्यक्ती हवी. मी आधी एकीकडे गेले होते तिथे पहिल्याच भेटीत डाएटवर लेक्चर मिळालं, परत गेले नाही.
आणि केस येतात परत. तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात गळतात, मोठं ऑपरेशन आणि भराभर वजन उतरणं याचा तो परिणाम. प्रोटीन पुरेसं जातंय ना तेवढं बघ. मी तेव्हा आरशाचाच राग धरला होता.

सरळमार्गी
वजन उतरलं, शुगर गेली, अजून काय पाहिजे? लोकांना हे मिळत नाही. सकाळी लवकर उठून चाला, प्राणायाम करा, मन आपोआप ताळ्यावर येतं. उगाच डोक्याच्या डॉक्टरच्या नादी लागू नका, गोळ्या सुटत नाहीत मग.

अर्धीवाटी
@सरळमार्गी तिने काय नको ते पहिल्या पोस्टमध्ये लिहिलंय, तेवढं तरी वाचा.

चमचाभर
रातराणी, मी डायटिशियन आहे, बॅरिॲट्रिक टीममध्ये काम करते. इथे बसून निदान करणार नाही पण काही प्रश्न विचारते, नीट उत्तरं दे. एक, उलट्या होतात का आणि किती वेळा. दोन, दिवसाला पाणी किती जातं. तीन, ती धडधड कधी होते, खाल्ल्यावर की रिकाम्या पोटी की कधीही. चार, एन्झायटीची गोळी साधी आहे की हळूहळू सुटणारी, पाकिटावर एसआर, एक्सआर, ईआर, सीआर असं काही लिहिलंय का. पाच, थायरॉइड किंवा बीपीची गोळी चालू आहे का, कारण वजन उतरल्यावर तोच डोस जास्त होऊ शकतो. थायरॉइडची गोळी जास्त झाली तर धडधड, घाम, अस्वस्थपणा, झोप उडणं, सगळं हुबेहूब एन्झायटीसारखं. बीपीची जास्त झाली तर उभं राहिलं की गरगरतं.
केस, मूड, थकवा या सगळ्याला "मानसिक" म्हणून मोकळं होण्याआधी रक्त तपासायचं असतं. बी१२, लोह आणि फेरिटिन (लोहाचा साठा), फोलेट, व्हिटॅमिन डी, थायरॉइड. बायपासमध्ये अन्न पोटाचा मोठा भाग आणि लहान आतड्याचा पहिला भाग चुकवून पुढे जातं, त्यामुळे या गोष्टी कमी शोषल्या जातात, म्हणून तर सप्लिमेंट आयुष्यभर घ्यायची. आणि याचा अर्थ असा नाही की रिपोर्ट येईपर्यंत सायकॅट्रिस्टकडे जायचं नाही. दोन्ही एकदम.

गोळीबंद
चमचाभर यांच्या चौथ्या प्रश्नाला जोरदार अनुमोदन. मी फार्मासिस्ट. हळूहळू सुटणाऱ्या गोळ्यांना विरघळायला वेळ आणि आतड्याची लांबी दोन्ही लागतं, बायपासनंतर रस्ता आखूड होतो, मग गोळीतलं औषध पूर्ण लागू पडेलच असं नाही. डिप्रेशन-एन्झायटीसाठी सर्रास दिल्या जाणाऱ्या औषधांवर २०१२ चा एक छोटा अभ्यास आहे, बायपास झालेले जेमतेम १२ पेशंट, पण त्यातल्या ८ जणांमध्ये महिन्याभरात औषधाचं रक्तातलं प्रमाण आधीच्या साधारण निम्म्यावर आलं होतं. म्हणजे माणूस इमानदारीत रोज गोळी घेतोय आणि शरीराला मिळतेय अर्धी. डोस किंवा प्रकार बदलायचा तो डॉक्टरनेच, आपल्या मनाने गोळी चुरडून घेऊ नका, हळूहळू सुटणारी गोळी चुरडली तर सगळा डोस एकदम सुटतो. बंद तर अचानक अजिबात करू नका. कोणाला लिथियम (मूडच्या आजारावरचं औषध) चालू असेल तर उलटा धोका, पाणी कमी गेलं की त्याचं प्रमाण वाढून विषबाधा होऊ शकते, ऑपरेशननंतर लेव्हल वरचेवर तपासावी लागते.
जाता जाता, अंगदुखीसाठी आयबुप्रोफेन वगैरे गोळ्या बायपासवाल्यांनी टाळायच्या, अल्सर होतो. विषय वेगळा आहे पण सांगून ठेवतो.

रातराणी७
बापरे इतके प्रतिसाद, खरंच थँक्यू. @चमचाभर ताई, गोळीच्या पाकिटावर एक्सआर आहे! कोणी विचारलंच नव्हतं. थायरॉइड, बीपी काही नाही. पाणी कमीच जातं, लिटरच्या आतच असेल. धडधड कधीही होते, पण दुपारी ऑफिसमध्ये एक वेगळीच होते, गोड ज्यूस घेतला की दीडदोन तासांनी हात थरथरतात, घाम फुटतो, डोळ्यांपुढे अंधारी, मला वाटलं पॅनिक अटॅक. उलट्या म्हणाल तर हो, गेले दोनतीन आठवडे जवळजवळ रोजच, घास जरा मोठा झाला की अडकतो आणि बाहेर. त्यामुळे मल्टिव्हिटॅमिन पण पोटात राहत नाही, सोडून दिलंय. पायांना मुंग्या येतात, चालताना जरा तोल गेल्यासारखं होतं, अशक्तपणा असेल. सर्जनची पुढची अपॉइंटमेंट महिन्याने आहे तेव्हा सांगेनच.

चमचाभर
महिन्याने नाही. आज. आत्ता सर्जनच्या टीमला फोन लाव, लागला नाही तर तडक इमर्जन्सीत जा, सोबत कोणीतरी ने, गाडी स्वतः चालवू नकोस. तिथे गेल्यावर हे वाक्य जसंच्या तसं सांग: "माझा गॅस्ट्रिक बायपास झालाय, दोनतीन आठवडे रोज उलट्या आहेत, व्हिटॅमिन पोटात राहत नाहीत, पायांना मुंग्या येतात आणि तोल जातो, मला थायमिन कमी पडलंय का बघा."
घाबरवत नाहीये पण सांगायलाच हवं. थायमिन म्हणजे बी१. त्याचा शरीरातला साठा दोनतीन आठवड्यांचाच असतो. उलट्या लांबल्या की तो संपतो आणि आधी थकवा, चिडचिड, उदासपणा, मग मुंग्या, मग तोल जाणं, एकाचे दोन दिसणं, गोंधळल्यासारखं होणं. वेळेत इंजेक्शनने दिलं तर खूप फरक पडतो, उशीर झाला तर मेंदूला कायमचं नुकसान होऊ शकतं. सलाइनमधून ग्लुकोज लावणार असतील तर त्याच्या आधी थायमिन द्यायला हवं, हेही विचार, लाजू नकोस. आणि घास अडकतोय म्हणजे पोट आणि आतड्याचा जोड अरुंद झालाय का ते एन्डोस्कोपीने बघावं लागेल, असेल तर फुग्याने रुंद करता येतो.
दुपारच्या थरथरीबद्दल नंतर बोलू. आधी फोन.

अर्धीवाटी
फोन केलास की इथे नुसतं "केला" एवढं तरी लिही गं.

रातराणी७
केला. लगेच बोलावलंय, भाऊ येतोय न्यायला.

पंखवारा
देवा. सुखरूप पोचू दे.
बाकीच्यांसाठी, विशेषतः ज्यांच्या घरात कोणाचं नुकतंच ऑपरेशन झालंय त्यांच्यासाठी लिहितो. बायकोची स्लीव्ह (पोटाचा मोठा भाग काढून टाकायचं ऑपरेशन) झाली तेव्हा दुसऱ्या आठवड्यात तिला धाप लागत होती, नाडी जोरात, ती म्हणत होती टेन्शन आलंय, झोपू दे. टीमने डिस्चार्जच्या वेळी बजावून सांगितलं होतं म्हणून घेऊन गेलो, नशिबाने पाणी कमी पडण्यावरच भागलं. पण सुरुवातीच्या आठवड्यांत नाडी शांत बसूनही १२० च्या वर राहत असेल, ताप, खांद्यात किंवा पोटात दुखणं, श्वास अपुरा पडणं असं काही असेल तर त्याला एन्झायटी म्हणायचा अधिकार डॉक्टरचा, आपला नाही. टाक्यातून गळती किंवा फुप्फुसात गुठळी, दोन्ही अशीच सुरू होऊ शकतात.
आणि घरच्यांनो, "किती बारीक झालीस" हे दिवसातून दहा वेळा म्हणू नका. कौतुकच असतं, पण तिने एकदा मला विचारलं, म्हणजे आधीची मी तुला आवडत नव्हते का? काय बोलणार. तेव्हापासून मी वजनावर बोलणंच सोडलं, आज झोप कशी लागली ते विचारतो.

रातराणी७
आठवड्याने येतेय, माफ करा. ॲडमिट करून घेतलं होतं. थायमिन शिरेतून दिलं, ग्लुकोजच्या आधी का ते मी विचारलं तर सिस्टर बघतच राहिल्या :) जोड अरुंद झालाच होता, फुग्याने उघडला. आता पाणी जातंय. तोल पुष्कळ बरा आहे, मुंग्या थोड्या आहेत, त्यांना वेळ लागेल म्हणाले. सायकॅट्रिस्टनी गोळी साध्या प्रकारात बदलली.
मन एकदम फुलासारखं झालंय असं नाही. रडू कमी झालंय, धडधड कमी, पण जेवणाच्या वेळेचं ते तसंच आहे. काउन्सेलरची वेळ घेतलीये. त्यांना पहिल्या भेटीत काय सांगायचं? आणि ताई, दुपारच्या थरथरीचं राहिलं.

चमचाभर
वाचून जीव भांड्यात पडला. थरथरीचं असं की गोड पटकन आतड्यात उतरतं, इन्सुलिन धडाधड सुटतं आणि एकदोन तासांनी साखर गरजेपेक्षा खाली. खाल्ल्यावर लगेच अर्ध्या तासात होतं ते वेगळं, त्यात पोटात मुरडा, जुलाब, धडधड. दोन्ही डंपिंगचेच, म्हणजे अन्न फार पटकन आतड्यात उतरण्याचेच, प्रकार. पुढच्या वेळी थरथर झाली की ग्लुकोमीटरने साखर बघ आणि आकडा लिहून ठेव. आकडा खाली असेल तर टीमला दाखव, खाण्याची मांडणी बदलून पुष्कळ सुटतं, आधी प्रोटीन, गोड पेयं बंद, पाणी जेवणानंतर अर्ध्या तासाने. आकडा नॉर्मल असेल तर तो पॅनिक असू शकतो, त्याची माहिती टीमला आणि काउन्सेलरला.

अर्धीवाटी
पहिल्या भेटीत फार तयारी नको. बाथरूमची कडी लावून रडलीस ते सांग, तिथूनच सुरुवात होते. आणि जेवणाच्या वेळेपुरतं एक सुचवते, सगळ्यांबरोबर शेवटपर्यंत बसायची सक्ती नाही. मी माझं संपलं की उठून सरळ फिरायला जायचे, घरच्यांना वाईट वाटलं थोडे दिवस, मग सवय झाली. टीमचा सपोर्ट ग्रुप असतो का विचार, नुसतं ऐकत बसलीस तरी चालतं तिथे.

सरळमार्गी
धागा परत पूर्ण वाचला. एक विचारायचं आहे, माझ्या धाकट्या भावाबद्दल. बायपासला दोन वर्षं झाली. हल्ली रोज पितो, थोड्यातच चढते, परवा म्हणाला माझ्यावाचून कोणाचं काही अडत नाही. मी लेक्चर दिलं. काय करायला हवं?

चमचाभर
दादा, विचारलंत ते चांगलं केलंत. बायपासनंतर दारू रक्तात लवकर आणि जास्त चढते, आणि पिण्याचा त्रास पहिल्या वर्षापेक्षा दुसऱ्या वर्षी वाढलेला दिसतो, अमेरिकेत मोठ्या पाहणीत हेच आढळलंय. त्याहून महत्त्वाचं ते वाक्य. कॅनडात ऑन्टॅरिओमध्ये ८,८१५ पेशंटचा अभ्यास झाला, २०१६ ला छापून आला, त्यात स्वतःला इजा करून इमर्जन्सीत येण्याचं प्रमाण ऑपरेशनच्या आधीपेक्षा साधारण दीडपट झालं होतं, आणि अशा घटना मुख्यतः दुसऱ्या-तिसऱ्या वर्षात. म्हणजे फॉलोअप विरळ होतो त्याच काळात. आकडा एकूणात छोटाच आहे, पण तुमच्या भावाने बोलून दाखवलंय.
आज त्याच्याकडे जा, एकटा असताना सरळ विचारा, "मरून जावंसं वाटतं का, काही ठरवलंयस का?" विचारल्याने डोक्यात भरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. हो म्हणाला तर एकटं सोडू नका, गोळ्यांचा साठा, दारू, जे काही जवळ असेल ते लांब ठेवा आणि त्याच दिवशी इमर्जन्सी किंवा सायकॅट्रिस्ट. नाही म्हणाला तरी या आठवड्यात सायकॅट्रिस्टची वेळ घ्या, सोबत तुम्ही जा. दारू रोजची असेल तर एका दिवसात बंद करायला लावू नका, त्यानेही धोका होतो, ती डॉक्टरच्या देखरेखीत. आणि त्यालाही बी१, बी१२ तपासायला सांगा, पिणाऱ्यांमध्ये बी१ आणखी लवकर संपतं.

सरळमार्गी
निघतोय. तिथे पोचल्यावर काही अडलं तर इथेच विचारतो.