टॉमकॅटचा एक नोड पडला की निम्मे लोक लॉगआउट. काय करावं?

रातपाळी: नमस्कार. आमचं जावा ॲप्लिकेशन दोन टॉमकॅटवर (जावा ॲप चालवणारे सर्व्हर, म्हणजे दोन नोड) चालतं, पुढे लोकांना त्या दोघांत वाटून देणारा एचएप्रॉक्सी, कुकीने स्टिकी सेशन (युजर दर वेळी त्याच नोडकडे जातो). परवा भर दुपारी एका नोडची मेमरी संपली. त्या नोडवरचे क्लार्क आधी बराच वेळ अडकून राहिले, मग मी तो बंद केल्यावर सगळे लॉगिनच्या पानावर. भरत आणलेल्या नोंदी त्यांना पुन्हा भराव्या लागल्या, फार वाईट वाटलं. तिसरा नोड मागू का?

तळघर: नोड वाढवून हे सुटणार नाही. स्टिकीमध्ये युजर एका नोडला बांधलेला असतो आणि त्याचं सेशन (लॉगिन आणि चालू कामाची माहिती) त्याच नोडच्या मेमरीत. टॉमकॅटचं क्लस्टरिंग चालू करा, म्हणजे नोड एकमेकांकडे सेशनच्या प्रती ठेवतील. त्यातला डेल्टामॅनेजर सेशनमधले बदल सगळ्या नोडना पाठवतो, दोन नोडना तोच पुरे. वेब.एक्सएमएलमध्ये (ॲपची सेटिंग फाइल) डिस्ट्रिब्युटेबल टॅग हवा आणि सेशनमध्ये ठेवलेला प्रत्येक ऑब्जेक्ट सिरियलायझेबल हवा, म्हणजे बाइट्समध्ये बदलून दुसऱ्या नोडला पाठवता येईल असा. खरा वेळ इथे जातो. आमच्या जुन्या कोडमध्ये कुणीतरी सेशनमध्ये चक्क डेटाबेस कनेक्शन ठेवलं होतं! आणखी एक: ऑब्जेक्टच्या आत बदल केलात तर सेटॲट्रिब्यूट (सेशनमध्ये ऑब्जेक्ट ठेवणारी मेथड) पुन्हा बोलवा, नाहीतर दुसऱ्या नोडवर जुनीच प्रत राहते. सर्व्हर क्लाउडवर असतील तर मल्टिकास्ट (नेटवर्कवर सगळ्यांना एकदम हाक मारून नोडनी एकमेकांना शोधणं) बहुधा चालणार नाही, स्टॅटिक मेंबरशिप लावा, म्हणजे नोडचे पत्ते स्वतः लिहून द्या.

पोर्ट_८०८०: लोक अडकून का राहिले तेही बघा. एचएप्रॉक्सीच्या सेटिंगमध्ये नोडपुढे नुसता चेक लिहिला असेल तर तो फक्त टीसीपी कनेक्शन (नेटवर्कची नुसती जोडणी) लागतं का ते पाहतो. मेमरी संपलेला टॉमकॅट कनेक्शन घेत राहतो, उत्तर मात्र देत नाही. एचटीटीपीचेक लावून एखादं हलकं पान खरंच उत्तर देतं का ते तपासा. डीफॉल्टला दर २ सेकंदांनी तपासणी आणि सलग ३ वेळा फसली की नोड बाहेर. त्या पानात डेटाबेसची क्वेरी घालू नका, डेटाबेस मंदावला तर दोन्ही नोड एकदमच बाद होतील. आणि एचएप्रॉक्सी एकच आहे का? मग तोच पडला तर? दुसरा उभा करून कीपअलाइव्हड या प्रोग्रामने दोघांना मिळून एक व्हर्च्युअल आयपी द्या, म्हणजे एक पडला की तोच पत्ता दुसऱ्याकडे जाईल.

रातपाळी: एचएप्रॉक्सी एकच आहे, आणि चेक नुसताच होता. दोघांचेही मनापासून आभार. हे सगळं लागलं की नाही ते कसं तपासू?

तळघर: टेस्ट सर्व्हरवर लॉगिन करा, फॉर्म अर्धा भरा, तुमच्या नोडवर किल -९ मारा (प्रोसेस तडकाफडकी बंद करणारी कमांड) आणि मग सेव्ह दाबा. नोंद सेव्ह झाली पाहिजे. पण त्याआधी दोन्ही नोडचा गर्दीच्या वेळचा सीपीयू बघा. दोन्ही ६० टक्क्यांवर असतील तर एकट्याला सगळा भार पेलणार नाही. तसं असेल तर मात्र तिसरा नोड नक्की मागा.