संकर झाला तर बिघडलं कुठे?

ट्राउट हा थंड पाण्यातला मासा. नदीतल्या मूळच्या ट्राउटमध्ये बाहेरची दुसरी ट्राउट सोडली की दोघांचा संकर होतो. "दोन्ही ट्राउटच, मग संकर झाला तर बिघडलं कुठे? नदीत मासे तर आहेत ना!" असं काहीजण विचारतात. अडचण ही की यांची संकरित पिल्लं वांझ नसतात. ती पुन्हा मूळ माशांशी जुगतात आणि काही पिढ्यांत अस्सल वाण शोधूनही सापडत नाही. दुधात पडलेलं पाणी परत काढायचं कसं?

युरोपातल्या स्लोव्हेनियातल्या सोचा नदीचंच घ्या. तिथे मार्बल ट्राउट मूळची. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बाहेरची ब्राउन ट्राउट आणून सोडली (गळ टाकणाऱ्यांच्या हौसेपायी, दुसरं काय), आणि मुख्य नदीत संकराचं राज्य झालं. शुद्ध मासे उरले ते फक्त धबधब्यांच्या वरच्या ओढ्यांत, कारण खालचा मासा तिथे चढूच शकत नाही. १९९३ मध्ये त्यांना वाचवायची मोहीम सुरू झाली आणि पुढे त्यांचीच पैदास करून रिकाम्या ओढ्यांत सोडली गेली.

पण अशी कोंडलेली वस्ती नाजूक असते. नोव्हेंबर २००० मध्ये दरड कोसळली आणि प्रेडेलित्सा ओढ्यातले मासे नामशेष झाले. खालून नवे येणार कसे? तरीही "सगळे अडथळे काढा, नद्या मोकळ्या करा" हा एरवी दिला जाणारा सल्ला इथे सरसकट लावू नये, असं मला वाटतं; अडथळा गेला तर संकरित मासे वर चढतील.