मदत हवी आहे: अंबरनाथचा शिलालेख वाचायचा आहे

अंबरनाथच्या शिवमंदिरातला शिलालेख मला मुळातून वाचायचा आहे. उत्तरेकडच्या दारावर, आतल्या बाजूला तो कोरलेला आहे: शके ९८२, म्हणजे इ. स. १०६०. शिलाहार राजा मम्वाणीच्या काळात त्याचा भाऊ छित्तराज याचं 'भवन' पूर्ण झाल्याची नोंद. एकोणिसाव्या शतकातले अभ्यासक डॉ. भाऊ दाजी लाड यांनी शक ७८२ वाचला होता, पंडित भगवानलाल इंद्रजींनी ९८२. एका आकड्यानं दोनशे वर्षांचा फरक! तो आकडा मला स्वतः बघायचाय.

कोणाकडे लेखाच्या ठशाचा (दगडावर कागद दाबून घेतलेल्या छापाचा) स्वच्छ फोटो आणि ओळीवार वाचन आहे का? तिथे तिरप्या प्रकाशात फोटो काढायला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते का? अक्षरांत खडू किंवा पीठ भरायला मात्र कृपया सुचवू नका, त्यानं दगडाचं नुकसान होतं.