१९०३ च्या डेव्हिस कपमध्ये ब्रिटिशांनी पहिलाच सामना न खेळता का सोडला?

नेटकॉर्ड:
सुरुवातीच्या डेव्हिस कप (देशादेशांच्या संघांची टेनिस स्पर्धा) लढतींचा तक्ता तयार करतोय. १९०३ च्या ओळीवर अडलो आहे. बोस्टनच्या लाँगवुड क्रिकेट क्लबवर ब्रिटिश संघाने अमेरिकेला ४-१ हरवून कप पहिल्यांदा अटलांटिकपार नेला, इथपर्यंत ठीक. पण पहिल्या एकेरीत रेगी डोहर्टीने बिल लार्नेडला पुढे चाल (न खेळता विजय) दिलेली दिसते आणि तोच रेगी पुढे दुहेरी आणि परतीची, म्हणजे दुसरी, एकेरी दोन्ही खेळून जिंकलेला दिसतो. दुखापत असेल तर राखीव खेळाडू का उतरवला नाही? आणि नंतर खेळण्याइतका तो बरा होता, तर पहिला सामना का सोडला? नोंदीत चूक आहे का?

परतीची_एकेरी:
नोंद बरोबर आहे, आणि तो निर्णय सुरुवातीच्या डेव्हिस कपमधला सगळ्यात धाडसी निर्णय म्हणावा असा आहे.

रेगीचा खांदा दुखावला होता. हॅरॉल्ड महोनी संघासोबत होता, १८९६ चा विंबल्डन विजेता, पण एव्हाना छत्तिशीतला. अडचण नियमाची होती. राखीव खेळाडू एका सामन्यापुरता आत घेऊन मूळ खेळाडूला पुन्हा आणता येणार नव्हते. महोनी उतरला की पूर्ण लढतीसाठी उतरला, आणि रेगी कायमचा बाहेर.

आता कर्णधार विल्यम कॉलिन्सच्या जागी बसून हिशेब करा. एकूण पाच सामने, दोघा खेळाडूंच्या प्रत्येकी दोन एकेरी आणि एक दुहेरी; तीन जिंकले की कप. महोनीला घेतले तर त्याच्या दोन्ही एकेरी डळमळीत आणि वर रेगी आणि त्याचा भाऊ लॉरी या डोहर्टी बंधूंची दुहेरीची जोडीही मोडते. म्हणजे खात्रीचे फक्त लॉरीचे दोन एकेरी सामने. पुढे चाल दिली तर एक सामना हातचा जातो, पण उरलेल्या चारांत लॉरीच्या दोन एकेरी, दुहेरी आणि रेगीची दुसरी एकेरी. चारातले तीन हवेत. रेगीला विश्रांती मिळून खांदा बरा झाला, तर हाच हिशेब सरस. मध्ये पाऊस आला आणि विश्रांती आणखी लांबली.

पुढे तसेच घडले. लॉरीने अमेरिकेच्या बॉब रेनला ६-०, ६-३, ६-४ असे गुंडाळले. दुहेरीत दोघा भावांनी बॉब आणि जॉर्ज या रेन भावांना हरवले. मग शेवटच्या दोन एकेरी शेजारशेजारच्या कोर्टांवर एकाच वेळी चालू झाल्या आणि दोन्ही पाचव्या सेटपर्यंत गेल्या. लॉरीने लार्नेडला ६-३, ६-८, ६-०, २-६, ७-५ असे हरवले, रेगीने बॉब रेनला पाच सेटमध्ये.

तक्त्यात एक गोष्ट जरूर टिपा. ४-१ मधला तो '१' म्हणजेच पुढे चाल. त्या लढतीत अमेरिकेने खेळून जिंकलेला एकही सामना नाही. नुसते ४-१ लिहिले तर हे कोणालाच कळणार नाही.

हिरवळ:
वरच्या प्रतिसादात भर. कॉलिन्सचा हा हिशेब आदल्या वर्षीच्या चुकीतून आला असावा असे मला ठामपणे वाटते. १९०२ ची लढत ब्रुकलिनला क्रेसेंट ॲथलेटिक क्लबवर झाली. लॉरी तेव्हा नुकताच विंबल्डन जिंकून आला होता. तरी त्याला फक्त दुहेरीसाठी ताजा ठेवला आणि एकेरीत रेगीबरोबर जोशुआ पिमला उतरवले. पिम दोनदा विंबल्डन जिंकलेला, पण १८९३ आणि १८९४ साली! मधली आठ वर्षे कुठे जातात? तो लार्नेडकडूनही हरला आणि माल्कम व्हिटमनकडूनही. रेगीने लार्नेडला पाच सेटमध्ये हरवले, दुहेरी डोहर्टींनी जिंकली, तरी लढत अमेरिकेने ३-२ अशी घेतली. जगातला त्या वर्षीचा सर्वोत्तम एकेरी खेळाडू एकेरीत खेळलाच नाही.

त्या पद्धतीत दुहेरीला पाचातला एकच गुण होता. एकेरीत उतरणारा प्रत्येक जण दोन गुणांवर हात ठेवून असायचा. त्यामुळे सगळ्यात चांगल्या माणसाला तिन्ही दिवस खेळवायचे आणि दमलाच तर दुहेरीत त्याच्याऐवजी दुसरा उतरवायचा, हा पुढे सगळ्यांना पाठ झालेला धडा. तेव्हा तो लढत गमावून शिकावा लागला.

लॉरी-लार्नेड सामन्याबद्दल एक. पाचव्या सेटमध्ये ऐन मोक्याच्या गुणावर एका सर्व्हिसचा निकाल द्यायला रेषापंच जागेवरच नव्हता, खुर्ची रिकामी! शेवटी तो गुण पुन्हा खेळवला. निकालाबद्दलची अमेरिकन कुरबुर तिथून आली आहे.

नेटकॉर्ड:
दोघांचेही मनापासून आभार. आता नोंद समजली. आणखी दोन शंका. १९०० च्या ओळीत ३-० आहे, ५-० का नाही? आणि गतविजेता संघ दरवर्षी एकच लढत खेळलेला दिसतो, ते कसे?

परतीची_एकेरी:
१९०० ची तर सोपी. दोन एकेरी आणि दुहेरी जिंकून अमेरिकेने कप घेतला. चौथा सामना अमेरिकेचा ड्वाइट डेव्हिस विरुद्ध ब्रिटिशांचा आर्थर गोर, ९-७, ९-९ वर पावसाने थांबला तो थांबलाच. पाचवा झालाच नाही. अपूर्ण सामना कोणाच्याच खात्यात धरायचा नाही.

त्या लढतीत ब्रिटिशांनी वाढलेले गवत, मऊ चेंडू आणि दोरांनी ताणूनही सैल पडणारी जाळी यांची तक्रार केली होती. पण खरे घायाळ केले ते फिरकी सर्व्हिसने. डेव्हिसचा जोडीदार होलकम वॉर्ड उजवा. त्याची रॅकेट चेंडूच्या मागून खालून वर आणि डावीकडून उजवीकडे घासत जायची. चेंडू हवेत रिसीव्हरच्या उजवीकडे वळतो, म्हणून तो फोरहँडची तयारी करतो. टप्पा पडला की तोच चेंडू उंच उसळून डावीकडे, बॅकहँडच्या खांद्यापाशी येतो. डेव्हिस डावखुरा, त्यामुळे त्याचे सगळे उलट. दुहेरीत हे दोघे आलटून पालटून सर्व्हिस करायचे, म्हणजे एका गेममध्ये पाय बसवावा तोवर पुढच्या गेममध्ये दिशा बदललेली. ६-४, ६-४, ६-४.

जुनी_सोडत:
दुसऱ्या शंकेचे उत्तर: चॅलेंज राउंड. गतविजेता घरी बसायचा. बाकीचे देश आपापसांत खेळून एक आव्हानवीर ठरवायचे आणि तो गतविजेत्याच्या देशात जाऊन त्याच्याशी खेळायचा. कोर्ट घरचे, प्रेक्षक घरचे, अंगात दमणूक नाही. १९०४ मध्ये बेल्जियमने फ्रान्सला ३-२ हरवले आणि विंबल्डनला ब्रिटिशांकडून ५-० मार खाल्ला.

हा फायदा किती मोठा, ते १९०७ नंतर उघडे पडले. नॉर्मन ब्रुक्स आणि अँथनी वाइल्डिंग या दोघांनी ऑस्ट्रेलेशियासाठी कप जिंकला आणि आव्हानवीराला बोटीने थेट दक्षिण गोलार्धात जावे लागू लागले. ऑस्ट्रेलेशियाने १९०८ ला मेलबर्नमध्ये ३-२ आणि १९०९ ला सिडनीत ५-० असा कप राखला. १९१० ला तर आव्हानाची लढत झालीच नाही. १९११ ची ख्राइस्टचर्चला, तीही प्रत्यक्षात १९१२ च्या जानेवारीत. तक्त्यात 'स्पर्धेचे वर्ष' आणि 'खेळल्याची तारीख' असे दोन रकाने ठेवा, नाहीतर १९१२ मध्ये दोन विजेते दिसतील. त्याच वर्षाअखेर मेलबर्नला ब्रिटिशांनी ३-२ असा कप परत घेतला.

नावांचेही सांभाळा. ऑस्ट्रेलेशिया म्हणजे ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडचा एकत्र संघ, वाइल्डिंग न्यूझीलंडचा. त्याचे विजय ऑस्ट्रेलियाच्या खात्यात सरळ ढकलू नका. 'ब्रिटिश बेटे' या संघात आयर्लंडही येते. पिम आणि महोनी दोघेही आयरिश, हे विसरून लोक 'इंग्लंड' लिहितात.

भारत १९२१ पासून. पहिल्याच लढतीत पॅरिसला फ्रान्सवर ४-१, मग शिकागोजवळ जपानकडून ०-५. संघात मोहम्मद सलीम, एस. एम. जेकब, फैझी. त्या जपानी संघातला झेंझो शिमिझू नोकरीनिमित्त कलकत्त्यात राहून तिथल्या गवतावर खेळलेला होता. त्याने चॅलेंज राउंडमध्ये अमेरिकेच्या बिल टिल्डनविरुद्ध पहिले दोन सेट घेतले होते.

चॅलेंज राउंड १९७२ पासून बंद. पुढे चालीचा विषय निघालाच आहे म्हणून: १९७४ ला भारताने उपान्त्य लढतीत सोव्हिएत संघाला पुण्यात हरवले आणि वर्णद्वेषाच्या निषेधार्थ दक्षिण आफ्रिकेशी अंतिम लढत खेळायला नकार दिला. त्या ओळीत गुणांचा रकाना रिकामा ठेवून 'पुढे चाल' एवढेच लिहा. ०-५ लिहिलेत तर भारत खेळून हरला असे वाचले जाईल.